कोरडी फेरी

गाडी भरून झाली, फाळका बंद झाला, ताडपत्रीवरून दोर करकचून आवळले गेले आणि चहावाला थोरला लाल दोरा घेऊन केबिनपाशी आला. सूनबाईनं पाण्याची भरलेली बाटली खिडकीतून बाहेर दिली. थोरल्यानं बुचाभोवती दोऱ्याचे वेढे घेतले, गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली आणि बाटली परत दिली.

"कोरडी जाऊ दे," तो म्हणाला.

"कोरडीच जाणार," शेजारच्या सीटवरून वस्ताद म्हणाला. "सून कुणाची आहे?"

बटाट्याच्या मोसमात या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांचा हा खेळ फार जुना. थोरला इकडच्या टोकाला, गोदामाच्या आवारात चहा विकायचा. त्याचा धाकटा भाऊ तिकडच्या टोकाला, कोल्ड स्टोरेजच्या फाटकासमोर खाणावळ चालवायचा. इकडे मारलेली गाठ तिकडे शाबूत पोचली, की ड्रायव्हरनं वाटेत पाण्याचा थेंब घेतला नाही आणि त्यासाठी कुठे उतरलाही नाही असं मानायचं. दुसरीकडे चोरून पिणारा कुणी निघालाच, तर त्याला या रस्त्यावर तोंड दाखवायची सोय राहत नसे. कोरड्या ड्रायव्हरला धाकटा तेलात पोहणारं ताट फुकट द्यायचा आणि सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "कोरडी फेरी!" कापलेला दोरा तो गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवायचा. त्या भिंतीवर पुष्कळ खिळे होते. सगळ्यात जाड जुडगा वस्तादाच्या खिळ्याला होता.

आता वस्तादाच्या हातात स्टेअरिंग नव्हतं. साखरेच्या आजारानं त्याचे पाय बधिर झाले होते. मागच्या थंडीत एका उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि पायाखाली ब्रेक आहे की नुसती हवा, हेच त्याला कळेना. मान खाली घालून स्वतःचा पाय डोळ्यांनी शोधावा लागला. गाडी वाचली, समोरचा सायकलवालाही वाचला, पण घरी येऊन वस्तादानं किल्ली फळीवर ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

मुलगा होता, पण तो गाडीत बसला की पहिल्याच वळणाला ओकायचा. ड्रायव्हरच्या पोटी असा जीव कसा आला, हे कोडं वस्तादाला आजवर सुटलं नव्हतं. पोरगा आख्खं इंजिन खोलून परत बसवायचा, पण गाडी उभी असेल तरच. शेवटी किल्ली सुनेनं उचलली. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची. वस्तादानं तिला शेजारी बसून शिकवलं आणि महिन्याभरात कबूल केलं की हिचा हात आपल्यापेक्षा हलका आहे. अर्थात तिच्यासमोर नाही, आपल्या म्हातारीसमोर.

बटाट्याच्या शेठनं मोसमाची सगळी भरणी तिला दिली होती. अट एकच, फाटक बंद व्हायच्या आत माल आत गेला पाहिजे. तिच्यानं हे निभलं तर गाडी दारात राहणार होती. नाही निभलं, तर गाडी परक्या माणसाच्या हाती देऊन घरातल्या सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

उजाडता उजाडता गाडी हमरस्त्याला लागली. ऊन चढलं तसं केबिनमध्ये भट्टी पेटली. इंजिनाची धग पायाखालून यायची, उन्हाची काचेतून. सूनबाईनं रुमाल ओला करून मानेवर ठेवला होता, तो पण वाळून कडक झाला. बाटली तिच्या डाव्या हाताशी, लाल गाठ वर करून उभी होती. वस्ताद मात्र ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे त्याच्या पाण्याला गाठ नव्हती. साखरेमुळे त्याला तहान फार लागायची. तो पाणी प्यायचा, रंगीत थंड पेय प्यायचा, खारवलेल्या तळणाचं पाकीट फोडायचा आणि पुन्हा पाणी प्यायचा. मग थोड्या वेळानं म्हणायचा, "जरा बाजूला घे."

ती गाडी बाजूला घ्यायची. वस्ताद मागच्या चाकापाशी जाऊन यायचा. तेवढ्या वेळात ती स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसायची.

"घामाघूम झालीस," तो एकदा म्हणाला. "पण टिकली आहेस. मी तुझ्या वयाचा असताना अशीच फेरी मारायचो. पाणी इंजिनाला पाजायचं, आपण नाही."

"हं," ती म्हणाली. तिची जीभ टाळूला चिकटली होती. सकाळपासून ओटीपोटात कळ येत होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती ओठ आवळून घेत होती. वस्तादाला वाटलं, सून गाडीवर ध्यान ठेवून आहे. त्याला तिचा अभिमान वाटला.

फाटक बंद व्हायला बराच अवकाश असताना गाडी पोचली. सूनबाईनं आरशात बघून एका दमात गाडी मागे घेतली आणि धक्क्याला टेकवली. हमाल फाळका उघडायला धावले. खाणावळीच्या दारातून धाकट्यानं कात्री उंचावून दाखवली. बाटली काखेत धरून ती केबिनमधून खाली उतरली, एक पाऊल टाकलं आणि चाकाला धरून हळूहळू खाली बसली. मग आडवीच झाली.

वस्ताद त्या बाजूला पोचेपर्यंत चार ड्रायव्हर जमले होते. "ऊन लागलं," एक म्हणाला. "बाईमाणसाचं काम नाही हे," दुसरा म्हणाला. बाटली घरंगळत धक्क्याखाली गेली होती. गाठ शाबूत होती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई कमी बोलणारी होती. तिनं सलाइन लावलं, लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या वस्तादाला आत बोलावलं.

"लघवीत जंतू झालेत. ताप आहे. शरीरात पाणीच नाही," ती म्हणाली. "दिवसभर न पिता, न जाता बसते. किती दिवस चाललंय हे?"

"मोसम लागल्यापासून," सूनबाई कॉटवरून म्हणाली.

"पुन्हा असं झालं तर मी चालवायला बंदी लिहून देईन. मूत्रपिंडाला सूज आली की मोसमाचं राहू दे, गाडीचंच विसरायचं." मग तिचं लक्ष वस्तादाच्या पायाकडे गेलं. "तुम्ही लंगडता का?"

"छे. मला काय झालंय?"

"बूट काढा."

वस्तादानं बूट काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. डॉक्टरीणबाईनं तो ओला करून सोडवला, तेव्हा त्यात रुतलेला बोराच्या बीएवढा खडा खाली पडला. तळव्याला चांगलं भोक पडलं होतं. गोदामाच्या आवारातला खडा सकाळपासून त्याच्या पायात होता आणि त्याला पत्ता नव्हता. वस्ताद त्या खड्याकडे बघत राहिला.

"वाटेत काय खाता?" तिनं विचारलं.

सुनेनं सगळं सांगून टाकलं, पाकिटांसकट.

"दोघांना एकच सांगते," जखम धुता धुता डॉक्टरीणबाई म्हणाली. "पाणी घोटघोट, दिवसभर. लघवी पिवळीधमक दिसली की समजायचं पाणी कमी पडतंय. लागली की जायचं, दाबून ठेवायची नाही. खाणं थोडं थोडं, वेळेवर. तळलेलं खाऊन ड्रायव्हरला झोप येते, ते सोडा. भाजी, डाळ, अंडं, काकडी, फळ. गोड पेयं तुम्हाला बंद. चहा बिनसाखरेचा. आणि बूट घालण्याआधी रोज झटकायचा."

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर वस्ताद कॉटच्या कडेला बसला. "एवढं दुखत होतं तर बोलायचं होतंस. कुठली गाठ आणि कुठलं ताट, मी काय तुला ताटासाठी मारणार होतो?"

"ताटासाठी कोण राहतंय कोरडं?" ती छताकडे बघत म्हणाली. "आप्पा, तुम्ही चाकामागे जाता. मी पाणी प्यायले तर जाऊ कुठे?"

या रस्त्यावरची प्रत्येक खाणावळ वस्तादाला पाठ होती. कुठे तिखट जास्त, कुठे तेल ताजं, कुठला मालक उधार देतो, हे तो डोळे मिटून सांगायचा. बाईला जायची सोय कुठे आहे, हे त्यानं आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. जी फेरी तो मिरवायला मारायचा, तीच ही पोर नाइलाजानं मारत होती, आणि तो शेजारी बसून थंड पेय पीत शाबासकी देत होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि ती बराच वेळ गेली नाही.

ताप उतरल्यावर दोघं रिकामी गाडी घेऊन परतीला लागली. निघण्याआधी वस्ताद बाजारात जाऊन आला. त्याच्या हातात कागदाची जड पुडी होती. ती त्यानं हत्यारांच्या पेटीत टाकली.

"काय आणलंत?" सूनबाईनं विचारलं.

"लागेल तेव्हा कळेल. आज प्रत्येक ठिकाणी थांबायचं. माल नाही, घाई नाही."

पहिल्याच खाणावळीचा मालक वस्तादाचा जुना दोस्त. गाडी पाहून तो आतूनच ओरडला, "वस्ताद, कढई तापवू?"

"कढई राहू दे. बायकांचं संडास कुठंय तुझ्याकडे?"

बाकांवरचे ड्रायव्हर खाताखाता थांबले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मालक हसला. "का हो, तुम्हाला कशाला हवं?"

वस्तादाचे कान तापले. एरवी असं बोलणाऱ्याला त्यानं बाकासकट उचललं असतं. "माझ्या ड्रायव्हरला हवं," तो म्हणाला. "आहे का नाही ते सांग."

होतं, पण त्यात कांद्याची पोती भरली होती. पुढच्या ठिकाणी कुलूप होतं आणि किल्ली मालकाच्या बायकोबरोबर गावाला गेली होती. त्याच्या पुढच्या ठिकाणी दार उघडंच होतं, कारण त्याला कडी नव्हती. सूनबाई दारापर्यंत जाऊन परत आली.

"पाणी आहे, स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण लागत नाही आतून."

वस्तादानं हत्यारांची पेटी उतरवली आणि पुडी सोडली. आत लोखंडी कड्या होत्या, स्क्रूसकट. त्यानं दारापाशी उकिडवं बसून माप घेतलं, हातड्रिलनं भोकं पाडली आणि कडी बसवली. मालक बाजूला उभा राहून बघत होता.

"वस्ताद, ही कामं कधीपासून?"

"आजपासून. पेचकस दे इकडे. आणि हे बघ, येत्या फेरीला आम्ही येणार. दोन ताटं ठेव. डाळ, भाजी, भात थोडा. वर तेल सोडू नकोस."

"दात पडले की काय?"

"दात आहेत," वस्ताद म्हणाला. "तुझ्या तेलानं पाय गेले."

मालकाचं हसू ओसरलं. त्यानं वाकून वस्तादाच्या पायाला बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं आणि पेचकस पुढे केला.

संध्याकाळपर्यंत वस्तादाच्या डोक्यात नवा रस्ता तयार झाला. पेट्रोल पंपावर एक बाई कामाला होती, तिथलं सगळ्यात चांगलं. नदीच्या पुलाअलीकडच्या खाणावळीत मालकिणीनं घरातलंच वापरायला सांगितलं. फळवाल्याच्या टपरीमागे एक होतं, त्यालाही कडी लागली. पुडीतल्या कड्या संपत आल्या तेव्हा वस्तादानं एक उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ती कशाला?" सुनेनं विचारलं.

"असू दे."

घरी म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिनं सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"लग्न झाल्यापासून डबा भरून देत आले. भरलेला न्यायचा आणि भरलेला परत आणायचा. शेवटी भरायचा सोडला. तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय? गाडीवरच्या माणसाला घरचं पचत नाही."

"म्हणालो असेन," वस्ताद म्हणाला.

"असेन नाही. म्हणालातच."

"बरं, म्हणालो. आता भरून दे."

म्हातारीनं माळ्यावरून डबे काढायला लावले. मुलानं ते घासले आणि केबिनमध्ये सीटमागे त्यांना बसायला फळी ठोकली. गाडी उभी असल्यामुळे ते काम त्यानं झकास केलं. अंडी उकडली गेली, काकड्या धुऊन ओल्या फडक्यात बांधल्या गेल्या, शेंगदाणे भाजून निघाले. वस्ताद मधेच हात घालून शेंगदाणे उचलू लागला, तेव्हा म्हातारीनं उलथनं उगारलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई शेठकडे गेली. वस्ताद मागे उभा राहिला, कारण तिनं तसं बजावलं होतं. शेठ वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"बरी झालीस? चांगलं झालं," शेठ म्हणाला. "तू पडलीस म्हणून बोललो नाही, पण दुसऱ्या दोन गाड्या माझ्याकडे विचारून गेल्या."

"मी आजपासून वाटेत थांबणार, शेठ," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"म्हणजे? बाईला सारखं उतरावं लागतं म्हणून माझा माल रस्त्यात उभा करू?"

"उभा करा. मागच्या फेरीत खालची पोती ओली निघाली ना? ताडपत्रीखाली बटाट्याला घाम सुटतो आणि मग तो सडतो. थांबले की आप्पा मागची ताडपत्री उचलतील, मालाला हवा लागेल. तेवढ्यात मी पाणी पिईन, जाऊन येईन. थांबा एकच, दोन्ही कामं होतात."

शेठनं वस्तादाकडे पाहिलं. "खरं का?"

"बटाटा श्वास घेतो, हे मला पहिल्यापासून माहीत आहे," वस्ताद म्हणाला. "पण कोरडी फेरी मारायची म्हणून मी कधी थांबलो नाही. तुमचा माल किती सडवला असेल, देव जाणे."

शेठला हे आवडलं नाही, पण पटलं. बाईसाठी गाडी थांबवायला त्याचा जीव कचरत होता, बटाट्यासाठी थांबवायला कचरला नाही. सूनबाईच्या ते ध्यानात आलं आणि तिनं ते मनात ठेवलं. "एक फेरी बघतो," शेठ म्हणाला. "फाटक बंद झाल्यावर पोचलीस तर भरणी दुसऱ्या गाडीला."

"पोचते," ती म्हणाली.

गाडी भरली. थोरला लाल दोरा घेऊन आला आणि त्यानं सवयीनं हात पुढे केला. सूनबाईनं बाटली उचलली, बूच फिरवलं आणि त्याच्यासमोर दोन घोट प्यायली.

"दोरा राहू दे," ती म्हणाली. आवारातल्या दोन-तीन ड्रायव्हरांनी माना वळवल्या. शेजारच्या गाडीतल्या मिशाळ ड्रायव्हरनं मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी स्वतःच्या बाटलीला गाठ मारून घेतली आणि हॉर्न देत पुढे निघून गेला.

वस्तादानं बूट झटकला, आत हात घालून चाचपला आणि मगच पायात घातला.

पेट्रोल पंपावर पहिला थांबा झाला. वस्तादानं ताडपत्रीचा मागचा भाग वर गुंडाळला आणि आत हात घातला. पोत्यांमधून गरम वाफ हाताला लागली. सूनबाई तोंड धुऊन आली तोवर ती वाफ निवली होती. पुढच्या ठिकाणी दोघांनी फळीवर डबे मांडून खाल्लं. वस्तादाला डाळ अळणी लागली. तो तसं बोलणार होता, पण त्यानं काकडी चावली. जेवून डोळे जड झाले नाहीत, ही गोष्ट त्याला नवी होती. एरवी या वेळी तो सीटवर तोंड उघडं टाकून घोरत असे, आणि चालवायचा तेव्हा पापण्यांना चिमटे काढत असे. त्यानं शेजारी बघितलं. सूनबाई ताठ बसली होती, ओठ ओले होते आणि ती गुणगुणत होती. इतक्या फेऱ्यांत तिला गुणगुणताना त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

पुलापाशी मात्र घोळ झाला. रस्त्याचं काम निघालं होतं, एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. गाड्यांची रांग डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. ऊन कलायला लागलं. वस्ताद एकदा आकाशाकडे बघायचा, एकदा रांगेकडे. रांग सुटली तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"आता थेट चल," तो म्हणाला. "फळवाल्यापाशी थांबू नकोस. शेवटचा टप्पा आहे. एवढा निभेल."

"थांबायचं ठरलंय, आप्पा."

"फाटक बंद झालं तर? पोरी, भरणी जाईल. घरादाराचा प्रश्न आहे."

"मी परत आडवी झाले तर भरणीही जाईल आणि गाडीही." तिनं आरशात बघितलं आणि वेग कमी केला. "तुम्ही शिकवलंत ना, इंजिनाचा काटा लालमध्ये गेला की कितीही घाई असली तरी गाडी उभी करायची. मग माझाच काटा तेवढा सोडून द्यायचा?"

गाडी फळवाल्याच्या टपरीपाशी उभी राहिली. वस्ताद उतरला आणि या वेळी कुणी न सांगता ताडपत्री उचलायला गेला. टपरीमागून कडी लागल्याचा आवाज आला. तो लोखंडी आवाज ऐकून त्याला एकदम बरं वाटलं. ती आली तोवर त्यानं दोर परत आवळला होता आणि एक पेरू कापून डॅशबोर्डवर ठेवला होता.

तिनं गाडी चालवली ती बघण्यासारखी. घाई केली नाही, कुणाला दटावलं नाही, पण एकही संधी वाया घालवली नाही. गिअर कुठे पडतोय हे वस्तादाला कळतसुद्धा नव्हतं. कोल्ड स्टोरेजची भिंत दिसली तेव्हा राखणदार फाटकाची साखळी ओढत होता. एका बाजूचं दार लागलं होतं. सूनबाईनं एकदाच हॉर्न दिला. राखणदारानं नंबर पाहिला, तोंड वाकडं केलं आणि दार परत ढकललं.

धक्क्यावर मिशाळ ड्रायव्हरची गाडी आधीच लागली होती. त्याच्या खालच्या थरातली पोती तपासनीस बाजूला काढून ठेवत होता. त्यांच्या बुडाला ओले डाग होते. मिशाळ एका पोत्यावर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तपासनीसानं सूनबाईच्या गाडीतल्या अगदी तळच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, फिरवला आणि बाहेर काढून बघितला. हात कोरडा होता.

"उतरवा," तो हमालांना म्हणाला.

सूनबाईनं स्टेअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. वस्तादानं नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरला. खाली पाय टेकताना त्यानं सवयीप्रमाणे आधी डोळ्यांनी जमीन बघून घेतली.

खाणावळ ड्रायव्हरांनी भरली होती. वस्ताद आणि त्याच्यामागे सूनबाई आत आली तशी कुजबूज थांबली. धाकट्यानं गल्ल्यावरची कात्री उचलली.

"या वस्ताद. आण सूनबाई, गाठ दाखव. ताट तयार आहे."

भिंतीवर वस्तादाचा लाल जुडगा लटकत होता. त्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग सुनेच्या हातातून बाटली घेतली आणि गल्ल्यावर आडवी ठेवली. तिच्यात थेंब नव्हता.

"गाठ नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ओली फेरी आहे. जिथे जिथे थांबायला हवं होतं, तिथे थांबून आली. माल घेतलाय त्यांनी सगळा."

कुणी हसलं नाही. मिशाळ दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात गाठ मारलेली बाटली होती. सूनबाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"दादा, आधी पाणी प्या," ती म्हणाली. "ताट काय, पळून जात नाही."

मिशाळनं बाटलीकडे पाहिलं. मग त्यानं दातानं दोरा तोडला आणि उभ्या उभ्या पाणी पिऊ लागला. धाकटा कात्री हातात धरून तसाच उभा राहिला होता.

वस्तादानं सदऱ्याच्या खिशात हात घातला. लोखंडी कडी काढून त्यानं रिकाम्या बाटलीशेजारी ठेवली.

"बाटली भर," तो धाकट्याला म्हणाला. "आणि तुझं संडास कुठंय ते दाखव. आत बसवायची आहे."